परळचे इंजेक्शन, खारघरचे उत्तर

श्रोतेहो, स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याकडे अजूनही आवाज खाली येतो. म्हणून आज तो मुद्दाम मोठ्याने काढीत आहे. त्याच्या इतिहासातील एक प्रकरण पाहावयास आपणां घाटकोपरकरांना फार दूर जावयाचे नाही. परळ आणि खारघर, एवढाच प्रवास!

१८९६ साली ग्लासगोचे शस्त्रवैद्य बीटसन यांनी दाखविले की, अंडाशय काढल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील गाठ ओसरते. संप्रेरकांचा या रोगाशी असलेला संबंध तेथून उजेडात आला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथे डॉ. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदरांवर हाच संबंध तपासला.

१९९१ साली डॉ. राजेंद्र बडवे यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह एक निरीक्षण मांडले : मासिक पाळीच्या कोणत्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, यावर रुग्णाचे पुढील आयुष्य अवलंबून असावे. कल्पना चमत्कारिक खरी. ऐकली तेव्हा मलाही ती तशीच वाटली. पुढे परळच्या रुग्णालयाच्या प्रयोगात एक हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी ५ ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉन जातीच्या औषधाचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले गेले. २०११ साली निकाल आला. सर्वांचा मिळून हिशेब केला तर फरक खात्रीचा ठरेना. परंतु रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोचलेल्यांत पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया, इंजेक्शनविना शेकडा ५५, तर इंजेक्शन घेतलेल्यांत ६५ निघाल्या.

एका इंजेक्शनाचा असर इतकी वर्षे टिकावा कसा? खारघरला डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने ३० गाठी तपासल्या. त्यांतील १० इंजेक्शन दिलेल्या. उत्तर २०२२ साली छापून आले. पेशीत प्रोजेस्टेरॉनला धरणारे एक ग्राहक-प्रथिन असते. संप्रेरक त्याला जाऊन बिलगले की एक लांब आरएनए घटतो. हा लांब आरएनए म्हणजे जणू टिपकागद. तो 'मायक्रो-आरएनए १३०-ए' नावाचा चिमुकला रेणू शोषून धरतो. टिपकागद दूर झाला की तो रेणू मोकळा होतो व इस्ट्रोजेनच्या ग्राहकाची निर्मिती दाबतो. मग पेशींची सरकण्याची, शेजारी घुसण्याची खोड मंदावते. प्रोजेस्टेरॉनचा ग्राहकच घटविला, वा औषधाने अडविला, की संप्रेरकाची मात्रा चालत नाही. संशोधकांनी तेही ताडून पाहिले.

हे घुसणे मंदावलेले दिसले ते काचेच्या बशीतील पेशींत, हे मात्र विसरू नये. उद्या कोणी डॉक्टरांच्या दारी हेच इंजेक्शन मागावयास जाईल, तर ती घाई होईल. काखेच्या ग्रंथींचा तो आकडा एका प्रयोगाच्या एका भागातला आहे; तो दुसऱ्या प्रयोगात पुन्हा पडताळावा लागतो.