मरीनाची वाळू कोठून आली?

गावाकडून पाहुणे आले की आपण चेन्नईकर मराठी मंडळी त्यांना पहिल्याच संध्याकाळी मरीनावर नेतो. रस्त्यावर गाडीतून उतरल्यावर समुद्र समोर दिसतो, पण वाळू तुडवता तुडवता पाय दुखू लागतात तरी पाणी काही जवळ येत नाही. "केवढी ही पुळण!" असे पाहुणे म्हणतात आणि आपणही जणू ती आपणच घातली आहे अशा थाटात मान डोलावतो. खरी गंमत अशी की, दीडशे वर्षांपूर्वी ही पुळण इथे नव्हतीच.

इंग्रजांनी 1640 च्या सुमारास सेंट जॉर्ज किल्ला बांधला तो उघड्या किनाऱ्यावर. खाडी नाही, आडोसा नाही. जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत आणि माणसे व माल काथ्याने शिवलेल्या मसुला होड्यांतून लाटांवर आदळत किनाऱ्याला येई. सोबतीला स्थानिक कोळ्यांचे कट्टुमरम असे. (कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडे. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द इथूनच गेला.) समुद्र तेव्हा आजच्या कामराजर सालईच्या बराच जवळ होता. अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी 1842 मध्ये बांधलेले आइस हाउस, म्हणजे आजचे विवेकानंदर इल्लम, तेव्हा समुद्राच्या सान्निध्यात होते. आज त्याच्यासमोर शेकडो मीटर वाळू आहे.

हे सारे बदलले ते बंदरामुळे. डिसेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते कोनशिला बसली आणि समुद्रात दोन लांब भिंती घालण्याचे काम सुरू झाले. ते पुरे होत आले असतानाच नोव्हेंबर 1881 च्या चक्रीवादळाने भिंती मोडून टाकल्या. दुरुस्तीला पुढे कित्येक वर्षे गेली. पण वादळापेक्षा चिवट शत्रू दुसराच होता, आणि तो म्हणजे वाळू.

या किनाऱ्यावर लाटा सरळ येत नाहीत, तिरक्या येतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत त्या वाळू उत्तरेकडे ढकलतात, तर ईशान्य वाऱ्यांच्या दिवसांत ती थोडी दक्षिणेकडे परतते. वर्षाचा हिशेब केला तर उत्तरेकडे जाणारी वाळू जास्त भरते, तीही लाखो घनमीटर. बंदराची दक्षिणेकडची भिंत या वाटेत आडवी आली. वाळू तिथे अडून साचू लागली आणि वर्षागणिक समुद्र मागे सरला. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी 1884 मध्ये तिथे फिरण्याचा रस्ता करून सिसिलीच्या आठवणीने त्याला 'मरीना' हे नाव दिले. बंदराचे पूर्वेकडचे तोंड मात्र गाळाने भरू लागले. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकिर्दीत ते ईशान्येकडे वळवावे लागले.

इथवरची गोष्ट शहरात पुष्कळांना ठाऊक असते. बंदराच्या पलीकडे काय झाले हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, कारण पाहुण्यांना घेऊन तिकडे कोणी जात नाही. रोयापुरम, काशीमेडू, तिरुवोट्रियूर ही कोळ्यांची जुनी वस्ती. लाटा तिथली वाळू पूर्वीसारखीच उत्तरेला नेत राहिल्या, पण दक्षिणेकडून नवी येणे थांबले. खात्यातून पैसे काढणे चालू आणि भरणा बंद, असा तो प्रकार. शतकभरात किनारा शेकडो मीटर आत आला. होड्या ओढून ठेवायची, जाळी वाळवायची जागा गेली. पाठोपाठ घरे गेली आणि एन्नोरकडे जाणाऱ्या रस्त्याला लाटा भिडू लागल्या.

उपाय म्हणून किनाऱ्याला समांतर दगडांचा बांध घातला गेला. त्याने मागची जमीन वाचली, पण पुढची पुळण परत आली नाही आणि बांध जिथे संपे तिथून पुढे झीज सुरू होई. काल एका वस्तीचे दुखणे, आज तिच्या उत्तरेच्या वस्तीचे. 2004 च्या सुमारास आयआयटी मद्रासच्या आराखड्यानुसार समुद्रात आडवे घुसणारे आखूड दगडी बांध घातले. त्यांच्या बेचक्यांत काही ठिकाणी वाळू पुन्हा धरली, हे मान्य केले पाहिजे. तरी तीही वाळूच. इथे अडली म्हणजे पुढे तेवढी कमी पोचणार.

मला खटकते ते असे की, मरीनाला आपण निसर्गाची देणगी म्हणतो आणि तिरुवोट्रियूरच्या झिजेला निसर्गाचा कोप. दोन्ही एकाच भिंतीची कामे आहेत. विसर्जनासाठी पोलीस जी ठिकाणे ठरवून देतात त्यांत दक्षिणेकडचे पट्टिणप्पाक्कम असते, तसे उत्तरेकडचे तिरुवोट्रियूरही असते. एकदा तिकडचे विसर्जन पाहून यावे.

दरम्यान उत्तरेला आणखी भिंती उभ्या राहिल्या. 2001 मध्ये एन्नोर बंदर सुरू झाले, दशकभराने त्याच्या शेजारी काट्टुपळ्ळी. आता झीज त्यांच्याही पलीकडे, पुलिकतच्या वाटेवरल्या कोळीवाड्यांपर्यंत पोचली आहे.