वरची दाढ आणि गालामागची पोकळी

वरची दाढ काढून आलेल्या माणसाने चूळ भरावी आणि पाणी नाकातून बाहेर यावे, हा प्रकार आजही रोग्याची गाळण उडवतो. वरच्या दाताविषयीचे भय मात्र फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातांच्या नाडीव्रणाचे उपचार सांगताना वैद्याला बजावले आहे की, वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये. अतिरक्तस्रावाने रोगी काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते. ही बंदी वरच्या दातापुरतीच आहे. तिचे कारण तेथे रक्तस्रावात शोधलेले आहे. गालाच्या हाडातील पोकळीत नव्हे.

ती पोकळी लिओनार्दो दा विंचीने १४८९ साली कवटीच्या चित्रांत रेखाटली होती. पण वैद्यकात तिला नाव मिळाले ते इंग्रज वैद्य नॅथॅनिएल हायमोर याचे. त्याच्या १६५१ च्या ग्रंथात एका स्त्रीची हकीकत आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या जागेतून सतत स्राव वाहू लागला. बाई धीट खरी! तिने भोकात चांदीची सळई घातली. ती डोळ्याच्या रोखाने वर गेली. मग पिसाची काडी सरकवली, तर तीही आत जातच राहिली. मेंदूला भोक पडले या भीतीने ती हायमोरकडे आली. काडी मेंदूत शिरली नव्हती. ती या पोकळीतच वळली होती.

पुढे अपघाताचाच उपाय झाला. पोकळीत पू साचला की मुद्दाम दाढ काढावी आणि त्या वाटेने तो वाहू द्यावा, ही विल्यम कूपरची रीत जेम्स ड्रेकने १७०७ साली ग्रंथात नोंदवली. न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलने १८९३ साली व पॅरिसच्या ल्यूकने १८९७ साली ओठाखालून पोकळी उघडून नाकात वाट करून देण्याची शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा दाढेच्या भोकाची गरज उरली नाही.

आता ते भोक चुकून पडलेच तर बुजवायचे असते. दाढेची मुळे आणि पोकळीचा तळ यांमध्ये कधीकधी केवळ पातळ पापुद्रा असतो. लहान छिद्र रक्ताच्या गाठीने आपोआप मिटते, मोठ्यावर हिरडीचा पदर ओढून टाके घालावे लागतात. तोवर रोग्याने नाक जोराने शिंकरू नये. शिंक आलीच, तर तोंड उघडे ठेवावे.