अंधाऱ्या खोलीतला काळ

वसईच्या किल्ल्यात सिनेमाचे शूटिंग ही आम्हा वसईकरांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जनरेटरची गाडी आणि रिफ्लेक्टर दिसले की पोरे धावतात, मोठी माणसे मान वळवून आपल्या वाटेने जातात. २०१६ साली कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या एका गाण्यातही हा किल्ला जगभर दिसला. नालासोपारा-विरारहून पहाटेची लोकल पकडून गोरेगाव-मालाडच्या सेटवर जाणाऱ्या लाइटमन, मेकअपवाले, ज्युनिअर आर्टिस्ट यांच्यात आपल्या समाजाची माणसेही आहेत. म्हणजे सिनेमा आमच्या दाराशी आहे, काहींच्या तर चुलीशीच आहे. तरीही मोहल्ल्यात त्यावर बोलणे निघाले की ते एकाच प्रश्नाशी येऊन थांबते : जायज की नाजायज? प्रश्न खोटा नाही. पण सिनेमा ही वस्तू मुळात आहे काय, ती माणसाच्या नजरेचे आणि काळाचे काय करते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. युरोपातल्या तत्त्वज्ञांनी तो शंभराहून अधिक वर्षे लावून धरला. आणि त्या चर्चेच्या अगदी जवळून आमचाही एक माणूस गेला होता.

तो माणूस म्हणजे अल्लामा इक्बाल. ते युरोपात शिकत होते तेव्हाच, १९०७ साली, आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाचा सर्जनशील उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिनेमाचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. बर्गसाँ म्हणतात, कूच करणारी पलटण पडद्यावर चालताना दिसते खरी, पण फिल्मच्या पट्टीवर काहीच चालत नसते. तिथे असतात नुसती सुटी, थिजलेली चित्रे. यंत्र ती भराभर फिरवते आणि डोळ्याला चाल दिसते. गती चित्रात नाही, यंत्रात आहे. त्यांच्या मते आमची बुद्धीही असाच व्यवहार करते. वाहत्या जगाचे तुकडे पाडते आणि मग ते जोडून म्हणते, हा पाहा काळ! खरा काळ कसा असतो? त्याच ग्रंथात त्यांनी साधा दाखला दिला आहे. पाण्यात साखर घातली की ती विरघळेपर्यंत थांबावे लागते. ते थांबणे घड्याळाच्या आकड्यांत मावत नाही, ते आपल्याला जगावे लागते. रमजानमध्ये इफ्तारीपूर्वी शरबत ढवळत अजानची वाट पाहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

इक्बालांना या विचाराने फार ओढले. १९३० साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी व्याख्यानांत त्यांनी बर्गसाँची बाजू घेतली आणि त्यांच्याशी वादही घातला. जीवनाच्या ओघाला हेतूच नाही, हे त्यांना मान्य नव्हते. तिसऱ्या गोलमेज परिषदेनंतर परतताना ते पॅरिसमध्ये बर्गसाँना भेटले. कॉर्डोव्याची मशीद त्यांनी पाहिली ती याच प्रवासात. बर्गसाँ तेव्हा दुखण्याने जखडलेले होते. काळाला दूषणे देऊ नका, कारण काळ म्हणजे मीच, असे अल्लाह म्हणतो, या आशयाची हदीस इक्बालांनी सांगितली तेव्हा ते कमालीचे उत्तेजित झाले, असे सांगतात.

आणि हेच इक्बाल १९३५ सालच्या ‘बाल-ए-जिब्रील’ या संग्रहात ‘सिनेमा’ नावाची छोटी कविता लिहितात आणि सिनेमाला आजरच्या मूर्तिकामाच्या रांगेत नेऊन बसवतात. आजर म्हणजे हजरत इब्राहीम यांचे मूर्ती घडवणारे वडील. आम्हाला हे चटकन पटते, आणि तिथेच घोटाळा होतो. इक्बालांचा आक्षेप बुतपरस्तीचा, बर्गसाँचा आक्षेप थिजलेल्या क्षणांचा. पण दोघांनी बोट ठेवले ते एकाच ठिकाणी. वाहत्या, जिवंत गोष्टीला धरून गोठवायचे आणि मग त्या गोठलेल्यालाच खरे मानायचे, हा तो दोष. आमच्या उलेमांचा वादही फार लांबचा नाही. फोटो ही तसवीर की आरशातल्यासारखा नुसता अक्स, यावर इजिप्तपासून हिंदुस्थानपर्यंत मते पडली. पुढे टीव्ही आणि व्हिडिओ आल्यावर काहींनी असेही म्हटले की जी प्रतिमा कुठे कायम ठरत नाही, ती तसवीर कशी म्हणावी? प्रतिमा नेमकी कुठे स्थिर होते, हा प्रश्न दारुल-इफ्तामध्येही विचारला गेला आणि पॅरिसमध्येही. आम्हाला यात गंमत वाटते आणि थोडा अभिमानही.

अभिमानाचे दुसरे कारण जुने आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून प्रकाश आत घेऊन प्रयोग केले. पाहणे म्हणजे डोळ्यात काहीतरी पडणे एवढेच नाही, ओळखायला मनाला वेळ लागतो, हे त्यांनी लिहून ठेवले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपाने तो शतकानुशतके वाचला. सिनेमा मुसलमानांनीच शोधला, असली बढाई यातून मारू नये. पण अंधारी खोली आम्हाला परकी नव्हती, इतके म्हणायला हरकत नाही.

बर्गसाँना उत्तर मिळाले ते त्यांच्याच वाटेवरच्या माणसाकडून. जिल देल्यूझ यांनी १९८३ आणि १९८५ साली सिनेमावर दोन ग्रंथ लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रेक्षकाला सुटी चित्रे दिसतच नाहीत, त्याला गतीच दिसते. मग गती खोटी कशी? बर्गसाँनीच १८९६ सालच्या आपल्या ग्रंथात जग म्हणजे हलत्या प्रतिमांचा ओघ असे मांडले होते, म्हणजे सिनेमाचे तत्त्व त्यांच्या हाती आधीच आले होते आणि पुढे त्यांनी ते टाकून दिले. (त्याच १८९६ साली जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला होता.) गुरूच्या एका पुस्तकाने दुसऱ्याला उत्तर देण्याची ही रीत आमच्या मदरशांच्या परंपरेतही मोठी मानाची आहे. इक्बालांच्या बाबतीत मात्र आम्ही ती वापरली नाही. काळावरचे त्यांचे चिंतन घेऊन त्यांच्या ‘सिनेमा’ कवितेला प्रश्न विचारायचे, हे काम तसेच राहिले.

देल्यूझ यांची आणखी एक गोष्ट वसईकराने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाने युरोपची शहरे उद्ध्वस्त केली आणि सिनेमा बदलला, असे ते म्हणतात. पूर्वी नायक परिस्थिती पाहून हालचाल करी. आता माणसापुढे असे काही येते की त्यावर काही करता येत नाही, नुसते पाहत राहावे लागते. रोसेलिनीच्या १९४८ सालच्या ‘जर्मनी, वर्ष शून्य’मध्ये एक पोरगा बर्लिनच्या ढिगाऱ्यांतून भटकतो. तिथे पडद्यावर दिसतो तो काळच.

आमच्या किल्ल्यातही ढिगारे आहेत. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना तहाने दिली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. चर्चच्या भिंती, वेशी, मराठ्यांनी उभारलेले देऊळ असे थरावर थर तिथे पडले आहेत. पण हिंदी सिनेमाने त्या भिंतींपुढे बहुधा खलनायकाचा अड्डा मांडला, नाहीतर गाण्याचे एखादे कडवे उरकले. शेजारच्या सोपाऱ्याचा उल्लेख दहाव्या शतकात मसऊदीने ‘सुबारा’ म्हणून केला, तिथे तर कॅमेरा फारसा वळतच नाही. अवशेष पाहिजेत, त्यांचा काळ नको, असा हा व्यवहार आहे.

पण याला अपवाद आहेत, आणि ते आपल्या माणसांनी केलेले आहेत. ज्याँ-लुक नान्सी या फ्रेंच तत्त्वज्ञाने २००१ साली अख्खे पुस्तक लिहिले ते इराणच्या अब्बास कियारोस्तामी यांच्या सिनेमावर. १९९० च्या भूकंपानंतरच्या इराणमध्ये फिरणाऱ्या त्यांच्या चित्रपटात उद्ध्वस्त गावातला एक माणूस फुटबॉलचा सामना पाहता यावा म्हणून अँटेना उभारत असतो. मूर्तिपूजेची शंका अशा दृश्यापुढे फार वेळ टिकत नाही.

आणि आमच्या मुंबईत सईद अख्तर मिर्झा यांनी १९९५ साली ‘नसीम’ केला. त्यावर लिहायला पॅरिसहून कोणी येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जून ते डिसेंबर १९९२ मधले एक मुस्लीम घर, शाळकरी नात आणि अंथरुणाला खिळलेले आजोबा. आजोबांच्या भूमिकेत कैफी आझमी. बाहेर घोषणा वाढत जातात, आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत राहतात. ते काहीही करू शकत नाहीत, फक्त पाहतात आणि आठवतात. ६ डिसेंबरला ते जातात. फाळणीच्या वेळी तुम्ही पाकिस्तानात का गेला नाहीत, असे मुलगा त्यांना रागाने विचारतो. आजोबा त्याला आग्र्याच्या घराजवळच्या एका झाडाची आठवण देतात. ते झाड त्याच्या आईला आवडायचे.