जॉन डीकन : ‘क्वीन’चा अबोल खर्ज

‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडचे नाव निघाले की प्रथम आठवतात ते गायक फ्रेडी मर्क्युरी. झांझिबारमध्ये जन्मलेल्या आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या या पारशी कलावंताविषयी महाराष्ट्रातील रसिकांना विशेष जिव्हाळा वाटतो. पण मर्क्युरी यांचा आवाज ज्या पायावर उभा राहिला, तो पाया घालणारे बेसवादक जॉन डीकन त्या मानाने अपरिचितच राहिले. बँडची काही सर्वाधिक लोकप्रिय गाणी लिहिणाऱ्या या कलावंताने कीर्ती अबाधित असतानाच रंगमंचाकडे पाठ फिरवली आणि तो निर्णय आजतागायत पाळला.

जॉन रिचर्ड डीकन यांचा जन्म १९ ऑगस्ट १९५१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. त्यांचे बालपण जवळच्याच ओडबी या गावी गेले. शालेय वयातच वडिलांचे छत्र हरपल्याने मुळातच मितभाषी असलेला हा मुलगा अधिकच अंतर्मुख झाला. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगीत ही त्याची दोन वेडे होती. १९६५ मध्ये शाळकरी मित्रांसमवेत स्थापन केलेल्या ‘द ऑपोझिशन’ या बँडमध्ये तो आरंभी साधी गिटार वाजवीत असे. पुढे बेसवादकाची जागा रिकामी झाली आणि चार तारांचे ते वाद्य त्याच्या हाती आले.

उच्च शिक्षणासाठी डीकन लंडनच्या चेल्सी कॉलेजात दाखल झाले आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विषयात प्रथम श्रेणीत पदवीधर झाले. त्याच वर्षाच्या आरंभी त्यांची गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याशी गाठ पडली. ‘क्वीन’मध्ये तोवर काही बेसवादक येऊन गेले होते, कोणाशीच सूर जुळत नव्हता. डीकन यांचे नेमके वादन, शांत स्वभाव आणि विद्युत उपकरणांचे ज्ञान या तिन्ही गोष्टी बँडला मानवल्या. वीस वर्षे टिकलेला चौघांचा संच असा पूर्ण झाला. १९७३ मध्ये ‘क्वीन’ची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

त्यांच्या तांत्रिक कौशल्याची एक खूण बँडच्या ध्वनीत कायमची उमटली आहे. टाकून दिलेल्या सामानात सापडलेला एक सर्किट बोर्ड त्यांनी छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर तयार केला. ‘डीकी अँप’ या नावाने तो ओळखला जातो. ब्रायन मे यांनी आपल्या गिटारीतून व्हायोलिन वा तुताऱ्यांच्या वृंदाचा भास निर्माण करण्यासाठी तो वारंवार वापरला.

बेस गिटार हे साथीचे वाद्य. ड्रमचा ठेका आणि गाण्याची चाल यांना खर्जातील स्वरांनी बांधून ठेवणे हे त्याचे मुख्य काम. ते चोख असेल तर श्रोत्याला वेगळे जाणवत नाही. मात्र चुकले तर सारे गाणे डळमळते. डीकन यांनी या वाद्यातून स्वतःचे प्रदर्शन कधी केले नाही. गायकाच्या ओळी संपतात तिथे मोजके स्वर पेरावेत आणि एरवी लय सांभाळावी, ही त्यांची पद्धत होती.

गीतकार म्हणूनही त्यांनी थोडेच, पण लक्षणीय काम केले. १९७४ मधील ‘शीअर हार्ट अटॅक’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘मिसफायर’ हे त्यांचे पहिले गाणे. पुढच्याच वर्षी पत्नीला उद्देशून त्यांनी ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ लिहिले. त्यातील इलेक्ट्रिक पियानो वाजवण्यास मर्क्युरी नाखूष होते, म्हणून डीकन यांनी तो स्वतःच वाजवला. हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत पोहोचले.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९८० मधील ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. ‘शिक’ या अमेरिकी बँडच्या नृत्यसंगीताचा प्रभाव असलेल्या या गाण्यात बेसची एक साधी आकृती पुनःपुन्हा येते आणि तीच गाण्याचा प्राण ठरते. रॉक बँडने असे गाणे प्रसिद्ध करावे का, याविषयी आरंभी शंका होती. परंतु मायकेल जॅक्सन यांनी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत ते सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

१९८१ मध्ये डेव्हिड बोवी यांच्यासमवेत ध्वनिमुद्रित केलेल्या ‘अंडर प्रेशर’च्या आरंभीची बेसची आकृती जगप्रसिद्ध आहे. सहकारी तिचे श्रेय डीकन यांना देत, तर डीकन यांनी एका मुलाखतीत ते बोवी यांना देऊन टाकले. १९८४ मध्ये त्यांचे ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ गाजले. त्याच्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेश केला होता. ब्रिटनमध्ये हा विनोद लोकांना भावला. अमेरिकेत मात्र तो अनेकांना रुचला नाही. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीतील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात ‘क्वीन’ने इतिहास घडवला, त्या वेळी डीकन यांचे एकही गाणे सादर झाले नाही, बेसवादकाचे काम तेवढे त्यांनी चोख बजावले.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे एड्सशी संबंधित न्यूमोनियाने निधन झाले. या आघाताने डीकन खचले. १९९२ मधील वेम्ब्लीच्या स्मृतिसंगीत सोहळ्यात ते वाजले, ‘मेड इन हेवन’ या १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेचे कामही त्यांनी पूर्ण केले. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसमध्ये एल्टन जॉन यांच्यासमवेत ते अखेरचे ‘क्वीन’सोबत रंगमंचावर दिसले. त्याच वर्षी ‘नो वन बट यू’ हे गाणे ध्वनिमुद्रित करून ते निवृत्त झाले.

२००१ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये ‘क्वीन’चा समावेश झाला, त्या सोहळ्यास डीकन आले नाहीत. मे आणि टेलर यांनी पुढे पॉल रॉजर्स आणि नंतर अ‍ॅडम लँबर्ट या गायकांसह बँड चालू ठेवला, त्यातही ते सहभागी झाले नाहीत. २०१८ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात जोसेफ मॅझेलो यांनी त्यांची भूमिका साकारली, पण त्या यशाच्या गजबजाटातही डीकन यांनी मौन सोडले नाही.

या मौनाकडे दोन प्रकारे पाहता येते. उरलेल्या सहकाऱ्यांच्या दृष्टीने संगीत पुढे नेणे हीच दिवंगत मित्राला आदरांजली होती. डीकन यांच्या दृष्टीने मर्क्युरी यांच्याविना ‘क्वीन’ला अर्थ उरला नव्हता. दोन्ही भूमिका मैत्रीतूनच आल्या. तरीही प्रसिद्धीसाठी आयुष्य वेचणाऱ्या क्षेत्रात, थांबण्याचा क्षण ओळखून थांबणारा कलावंत विरळाच. त्यांनी रचलेली बेसची आकृती मात्र आजही जगभर वाजते आणि तिचा कर्ता कोण, हे ठाऊक नसलेल्यांनाही ठेका धरायला लावते.