गुन्हेस्थलांतर

गुन्हेस्थलांतर : एखाद्या भागात बंदोबस्त वाढल्यावर तेथील गुन्हे अन्यत्र, अन्य वेळी किंवा अन्य रीतीने घडू लागणे. याउलट शेजारच्या भागातही गुन्हे घटले, तर त्यास ‘लाभप्रसार’ म्हणता येईल. अमेरिकन अभ्यासक टॉमस रेपेटो यांनी १९७६ मध्ये स्थळ, वेळ, सावज, पद्धत आणि गुन्ह्याचा प्रकार असे स्थलांतराचे पाच प्रकार सांगितले.

पुण्यातील स्वारगेट परिसरावरून ही संकल्पना सहज कळते. जेधे चौकाच्या आसपास एसटी स्थानक, पीएमपीचे थांबे आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेले भुयारी मेट्रो स्थानक आहे. एसटी स्थानकातला पहारा कडक झाला, तर पाकीटमाराला रस्ता ओलांडून पीएमपीचा थांबा गाठता येतो. गस्तीच्या वेळा ठरलेल्या असतील, तर तो मधली वेळ साधतो. मात्र पोलीस नेमके कुठवर फिरतात याचा अंदाज नसेल, तर मुकुंदनगर, गुलटेकडीतही तो बिचकतो. लाभप्रसार होतो तो असा.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. त्यानंतर राज्यभरातील बसस्थानकांची सुरक्षा तपासण्याचे आणि आगारांत पडून असलेल्या निकामी गाड्या हलवण्याचे आदेश निघाले. असे उपाय सर्वत्र एकाच वेळी झाले, तर गुन्हेगाराला शेजारचे ढिले स्थानक उरत नाही.

तडीपारी हे तर गुन्हेगाराचेच कायदेशीर स्थलांतर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ नुसार त्याला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दपार करता येते. त्याने शेजारी तळ ठोकू नये म्हणून लगतचे जिल्हेही आदेशात घेता येतात. त्यामुळेच पुण्यातील आदेशांत अनेकदा पुणे शहराबरोबर पिंपरी-चिंचवड व उर्वरित जिल्ह्याचाही उल्लेख असतो.

स्थलांतर अटळ मात्र नाही. रॉब गेरेट व केट बोवर्स यांनी २००९ मध्ये १०२ मूल्यमापनांचा आढावा घेतला. त्यांतील निरीक्षणांपैकी २६ टक्क्यांत स्थलांतर, तर २७ टक्क्यांत लाभप्रसार दिसला. म्हणून स्वारगेटच्या बंदोबस्ताचे यश केवळ स्वारगेट पोलीस ठाण्याच्या आकड्यांवरून ठरत नाही. खडक, सहकारनगर आणि मार्केट यार्ड ठाण्यांची नोंदही सोबत पाहावी लागते.