मामा आणि चुकलेला हप्ता

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. वय ९४, त्यामुळे कुणी फार रडलं नाही. तेराव्याला सगळी भाचेमंडळी जमली आणि जो तो सांगू लागला, "माझी पहिली पॉलिसी मामांनीच काढून दिली." मी गप्प होते. माझी आणि मामांची गोष्ट जरा वेगळी आहे. ती लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात होतं. नातवंडं वाचतील म्हणून थोडा इतिहासही सांगते. शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

मामा मॅट्रिक झाले आणि १९४९ साली साताऱ्याला वेस्टर्न इंडिया या विमा कंपनीत कारकून म्हणून चिकटले. ही कंपनी अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यातच काढलेली. मुंबई-कलकत्ता सोडून एका जिल्ह्याच्या गावी आयुर्विमा कंपनी उभी राहणं हे त्या काळी नवलच. त्याच्या आधीचा काळ तर असा होता की विलायती कंपन्या आपल्या माणसाकडून गोऱ्यापेक्षा जास्त हप्ता घेत. १८७० च्या सुमारास निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडला. हे सगळं मामा आम्हाला जेवताना सांगत.

१९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. वटहुकूम आधीच तयार होता, कुणाला पत्ता नव्हता. मामा म्हणत, "रात्री झोपलो तो कंपनीचा नोकर, सकाळी उठलो तो सरकारचा!" त्या दिवशी फक्त कारभार सरकारकडे गेला. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ झालं. चांगल्या कंपन्या होत्या तशा बुडणाऱ्याही होत्या. लोकांनी पै-पै करून भरलेले हप्ते बुडत होते, आणि पंचवार्षिक योजनेला पैसाही हवा होता.

दुसऱ्याच वर्षी मुंदडा प्रकरण झालं. महामंडळाचे सव्वा कोटीच्या आसपास रुपये एका उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवले गेले. फिरोज गांधींनी ते लोकसभेत बाहेर काढलं, न्यायमूर्ती छागलांनी चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. मामांच्या मनावर त्याचा फार परिणाम झाला. "हे पैसे विधवांचे आणि पोरांचे आहेत, आपण नुसते राखणदार," हे वाक्य त्यांच्या तोंडी तेव्हापासून बसलं.

आता आमच्या घरातलं. वडिलांचं वाईला छोटं किराणा दुकान होतं. मामांनी मागे लागून १९६१ साली त्यांची पॉलिसी काढली, सहामाही हप्त्याची. तीन हप्ते भरले. चौथ्याच्या वेळी उधारी थकली होती. मामांची दोन कार्डं आली, वडील म्हणाले, "भरू पुढच्या आठवड्यात." ग्रेसचा महिना संपला आणि त्यानंतर अकराव्या दिवशी वडील हृदयविकाराने गेले. तीन वर्षांचे हप्ते भरलेले असते तर पॉलिसी पेड-अप झाली असती, थोडं तरी मिळालं असतं. हाती काहीच आलं नाही. मी तेव्हा १३ वर्षांची होते.

कुणीतरी आईच्या मनात भरवलं, भाऊ ऑफिसातच आहे, मागची तारीख टाकून पावती करेल. आईने पदर पसरला. मामा खाली मान घालून म्हणाले, "ताई, ते पैसे माझे नाहीत गं." आईने त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. राखी नाही, भाऊबीज नाही.

पुढच्या महिन्यापासून माझ्या नावाने १५ रुपयांची मनीऑर्डर येऊ लागली. कुपनावर एकच शब्द, "फीसाठी". पोस्टमन दिसला की आई आत निघून जाई, सही मी करायची. मी बी.ए. होईपर्यंत, म्हणजे १९७१ पर्यंत, एकही महिना चुकला नाही. पण खरं सांगते, ते पैसे घेतानाही मला मामांचा रागच होता.

१९८४ साली शाळेचं जनरल रजिस्टर माझ्याकडे होतं. आमच्याच नात्यातले एक गृहस्थ आले. मुलाची जन्मतारीख वर्षभराने पुढे करा म्हणाले. आमच्याकडे निम्मी मुलं १ जूनचीच, कुणाला काय कळणार होतं? मी नाही म्हटलं. "कागद काय तुमच्या बापाचा आहे का?" असं बोलून ते गेले, ते परत आमच्या घरी आले नाहीत. त्या रात्री मला मामा कळले.

दुसऱ्या रविवारी साताऱ्याला जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताईला सांगितलंस का?"

आईला सांगितलं. ती कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिली. त्या दिवाळीत म्हणाली, "त्याला म्हणावं, ओवाळायचं आहे." २१ वर्षांनी मामा आमच्या पाटावर बसले. ओवाळताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मामांनी ताटात ११ रुपये टाकले तेव्हा आई म्हणाली, "पावती नको हो मला." मग दोघं हसले, आणि मग रडले.

असो. मंडळी, एक मास्तरकी करते. घरातली पॉलिसी आज काढून बघा. हप्ता भरलाय का, वारस म्हणून कुणाचं नाव आहे. मामा असते तर त्यांनीही एक कार्ड टाकलंच असतं.