दोन पट्ट्या, एक चाल

तर झालं असं... आईच्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकावर उतरवत होतो. मूळ वही वाळवीनं खाल्लेली. वाचता आलं तेवढं टाइप केलं आणि त्या पानांचा भुगा टाकूनही दिला. दोनशेच्या वर ओव्या झाल्या, आणि एका संध्याकाळी सेव्ह करता करताच पडदा निळा झाला. संगणक पुन्हा सुरू केला तर फाइल उघडेना! पेन ड्राइव्हवर दोन महिन्यांपूर्वीची प्रत होती, तीत साठेक ओव्या कमी.

आठच दिवस आधी मी रॅम वाढवून घेतली होती. २०१३ सालच्या संगणकात ४ जीबीची एक पट्टी होती, शेजारी तेवढीच दुसरी बसवली. दुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, दोन कंपन्यांची रॅम एकमेकींशी जमत नाही." पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, लगेच मानू नका. आधी टायमिंग बघा."

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. टायमिंग म्हणजे मला शाळेची घंटाच आठवते. पण ओव्या गेल्या होत्या. इतिहास शिकवायची जुनी खोड, म्हणून पार मुळापासून सुरुवात केली.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा संगणक सुरू झाला. त्याला हे नाव पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये दिलं. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या हिशेबानं जेमतेम १० केबी. माझ्या ओव्यासुद्धा त्यात बसल्या नसत्या! ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची असे, मण्यांसारखी तारांत ओवलेली. गंमत म्हणजे वीज गेली तरी ती विसरत नसे, पण वाचलं की पुसली जाई. म्हणून वाचलेलं लगेच परत लिहावं लागे.

मग १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना आजच्या रॅमची कल्पना सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. १९७० मध्ये इंटेलची १०२४ बिटांची चिप बाजारात आली आणि कड्यांचे दिवस भरले. या स्वस्ताईची किंमत एकच, ती म्हणजे कपॅसिटर गळका असतो. साठवलेलं टिकवायचं तर सेकंदाच्या पंधराव्या-सोळाव्या भागात, म्हणजे ६४ मिलिसेकंदांत, प्रत्येक रांग एकदा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. आम्ही मास्तर लोक याला उजळणी म्हणतो.

टायमिंगचे आकडे याच रांगांचे. वर्गातल्या बाकांसारख्या रांगा आणि स्तंभ डोळ्यांपुढे आणा. रांग उघडायची, स्तंभ सांगायचा, उत्तराची वाट पाहायची, रांग मिटायची. प्रत्येक कामाला किती ठोके लागतात ते हे आकडे सांगतात. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, तीत त्या पट्टीची ही कुंडली लिहिलेली असते. 'सीपीयू-झेड' नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती वाचली. जुनी पट्टी १३३३ ची, आकडे ९-९-९-२४. नवी १६०० ची, ११-११-११-२८.

मला वाटलं, नऊ आणि अकरा, जमणार कसं? पण गणित मांडलं. जुनीचा ठोका दीड नॅनोसेकंदाचा, नऊ ठोक्यांचे साडेतेरा. नवीचा सव्वा, अकरांचे पावणेचौदा. जवळजवळ सारखंच! वीस वर्षांपूर्वीच्या डीडीआर-४०० पट्टीचे तीन ठोके म्हणजे पंधरा. ठोके जलद होत गेले, एका फेरीत माल जास्त येऊ लागला, पण पहिल्या उत्तराची वाट फारशी घटली नाही.

दोन वेगळ्या पट्ट्या असल्या की बोर्ड दोघींच्या कुंडल्या वाचतो आणि दोघींना झेपेल ती चाल ठरवतो. माझ्याकडे दोघीही १३३३ नेच चालत होत्या. थोडक्यात, भांडण नव्हतंच.

मग घोडं अडलं कुठे? भाच्यानं सांगितल्याप्रमाणे संगणक बंद केला, वायर काढली, पट्ट्या उपसल्या. जुनीच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. नवी बसवताना ती काढून तशीच परत खोचलेली. खोडरबरानं दात हलक्या हातानं पुसले, नीट दाबून बसवली. 'मेमटेस्ट' रात्रभर चालवला, एकही चूक नाही. त्यानंतर निळा पडदा दिसला नाही. आयुष्यभर मुलांच्या चुका खोडरबरानं पुसायला लावल्या, ते असं कामी आलं!

राहिल्या साठ ओव्या. भाच्याची आई, म्हणजे आमची अक्का, ऐंशी ओलांडलेली. रोज रात्री तिला फोन करतो. मी अर्धी ओळ सांगतो, ती पुढची. घाई केली की ती अडखळते, म्हणून मी तिच्याच चालीनं चालतो. एकेचाळीस परत आल्या. गावात पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, तशी ओव्यांची उजळणीही थांबली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी कुणाला आईची एखादी ओवी आठवत असेल तर कळवा. एकोणीस अजून बाकी आहेत.